सिमेंटचा घोडा

एसेनने फोटो आधी डोळ्यांजवळ धरला, मग हात लांब करून धरला, मग तबेल्याच्या दाराशी उजेडात नेला.

"सावली पडलीय," तो म्हणाला.

"कुठे?"

"तिथे."

"तिथे नुसती सावलीच आहे," बुरूल म्हणाली. "दुसरं काही नाही. तेच तर सांगतेय मी."

एसेनने बायकोकडे असं पाहिलं, की जणू तिनेच व्होल्गाकाठी जाऊन त्या घोड्याला स्वतःच्या हाताने खच्ची केलं होतं. फोटोत नदी होती, काठावर डोक्यावर कल्पाक घातलेला एक तरणाबांड माणूस होता, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून, शेपूट एका बाजूला उडवून एक काळा घोडा पाणी पीत होता. तो माणूस म्हणजे एसेनचा बाप तेंतिमिश. आणि तो घोडा म्हणजे तोच घोडा, ज्याच्यावर बसून तेंतिमिश नार्यनच्या डोंगरातून निघाला आणि काळ्या समुद्रापर्यंत जाऊन पोचला. ज्याच्या नावावर सगळा कारा-बुलुंग गाव अजून मिशीला पीळ देत होता, तो घोडा. आणि एसेन गेली काही वर्षं 'त्याच घोड्याचा वंश' म्हणून शिंगरं विकत होता.

"हा फोटो आलाच कुठून?"

"व्होल्गाच्या त्या गावात एक नालबंद होता. आपले अता त्याच्याकडे मुक्कामाला होते. नालबंद गेला, मुलगी आहे. तिच्या भिंतीवर होता."

"भिंतीवर," एसेन म्हणाला. "घोड्याचं ढुंगण लोक भिंतीवर लावतात?"

"नालबंदाच्या घरात लावतात."

एसेन गवताच्या पेंढीवर बसला. बाहेर अंगणात मेंढ्या सोलायचं काम चाललं होतं, रस्त्यावर कोणीतरी लाउडस्पीकर तपासत होतं. आज तेंतिमिशला पंच्याऐंशीवं लागत होतं. तालुक्याहून साहेब येणार होते, गावच्या वेशीवर घोड्याचा पुतळा उघडणार होते, आणि जेवणानंतर सीमेपलीकडचा ओराझबेक नावाचा कझाक एसेनचा काळा घोडा बघणार होता. ओराझबेकने यापूर्वीही घोडे नेले होते, पण हा वेगळा सौदा होता. हा घोडा त्याला पैदाशीसाठी हवा होता, कारण त्याच्या अंगात 'ते रक्त' होतं.

"आजचा दिवस गप्प बस," एसेन म्हणाला. "पुस्तकात काय लिहायचं ते लिही. उद्या लिही. आज कुणी विचारलं तर तुला काही माहीत नाही. शब्द दे."

बुरूलने शब्द दिला. नवऱ्याचा चेहरा इतका पडलेला तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला होता.

बुरूल शाळेत इतिहास शिकवायची. सासऱ्यांचं चरित्र लिहायचं तिने स्वतःच काढलं होतं, आणि आता पस्तावत होती. सासरे जगभर फिरून आलेले, पण तोंड उघडायला तयार नाहीत. "रस्ता कसा होता, अता?" विचारलं तर म्हणायचे, "लांब." "माणसं कशी भेटली?" "भेटली." "पाऊसपाणी?" "पडला." शेवटी ती दर उन्हाळी सुट्टीत बसमध्ये बसून त्यांच्या वाटेने जायला लागली. कझाकांच्या माळावर म्हाताऱ्या माणसांच्या दारात बसायची, चहा प्यायची, आणि घोड्यावरचा किरगिझ आठवतो का म्हणून विचारायची.

त्यातून तिची दुसरी एक अडचण होती. सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हा तिच्या सासरचा कडक रिवाज. आणि तेंतिमिश या नावाचा अर्थच मुळी 'भटकलेला'. म्हणजे नाव नाहीच, पण सासूसमोर भटकणं, भटक्या, भटकंती हे शब्दही तोंडातून काढायचे नाहीत. भटकण्यात हयात घालवलेल्या माणसाचं चरित्र लिहिणारी बाई घरात त्या विषयावर बोलताना "फेरफटका" म्हणायची. "अतांच्या त्या मोठ्या फेरफटक्याबद्दल," असं म्हटलं, की थोरले दीर कपाळाला आठ्या घालायचे.

ते थोरले दीर, सागिनाली, ज्यांना ती 'बाइके' म्हणायची, तिला स्वयंपाकाच्या तंबूतच भेटले. ते गावचे मुखिया होते. पुतळ्याची कल्पना त्यांचीच. बाप जिवंत असताना बापाचा पुतळा बरा दिसत नाही म्हणून नुसता घोड्याचा.

"एसेनने सांगितलं मला," ते दारातूनच म्हणाले. कढईत कणकेचे बोर्सोक तळणाऱ्या बायकांनी झारे थांबवले. "कसला फोटो आहे तो?"

"बाइके, घोडा खच्ची केलेला होता," बुरूल हळू म्हणाली.

"असं पुस्तकात येणार नाही."

"फोटो आहे."

"पुस्तकात काय यायचं ते समिती ठरवेल."

"कुठली समिती?"

"मी," सागिनाली म्हणाले. "अगं, पुतळा तयार झालाय. सिमेंटचा. मी स्वतः त्या शिल्पकाराला सांगितलं होतं, घोडा मर्द दिसला पाहिजे. आणि त्याने हात राखून काम केलेलं नाही."

सागिनालींची बायको उरुमकान कणीक मळत होती. ती म्हणाली, "मी काल बघून आले. पडद्यातूनसुद्धा कळतंय." मग नवऱ्याची नजर पाहून तिने सूर बदलला. "पण तुझ्या बाइकेंचं बरोबर आहे हो, बुरूल. घरातली गोष्ट घरात. एवढ्यातेवढ्यासाठी दोघा भावांची तोंडं काळी करायची का?"

काल संध्याकाळी हीच उरुमकान बुरूलला म्हणाली होती की खरं ते लिही, मी आहे तुझ्या पाठीशी. पण आज मटणाची ताटं लावायचं काम तिच्याकडे होतं आणि थोरल्या सुनेच्या मानाचा तुकडा नवऱ्याच्या मर्जीवर होता.

सागिनाली गेले. कोपऱ्यात बुरूलची सासू झूराकान बसली होती. घोडीच्या दुधापासून कुमिस करायचा बुधला ती घुसळत होती.

"तू लिहिलंयस," ती आता म्हणाली, "की बायकोने हसतमुखाने निरोप दिला."

"हो, आपा."

"तुला कुणी सांगितलं?"

"बाइकेंनी."

"तो तेव्हा पाळण्यात होता." सासूने बुधल्याचा दांडा बाजूला ठेवला. "मी हसले नाही, सूनबाई. मी खोगीर लपवलं होतं. पिठाच्या कोठीत. तुझ्या सासऱ्याला मिळालं, तेव्हा ते झटकत झटकत गेला तो. वेशीपर्यंत नुसतं पीठ उडत होतं."

बुरूलचा हात लिहायला शिवशिवला, पण हाताला कणीक होती. "तुम्हाला ते जायला नको होते?"

"जाईना का खुशाल. मला काय करायचंय त्याचं? घोडा न्यायचा नव्हता. घोडा माझा होता. माझ्या बापाने मला लग्नात दिलेला. आणि तू बसमधून एवढ्या लांब व्होल्गाला गेलीस त्या फोटोसाठी. मला विचारायचं होतंस. माझ्या बापानेच खच्ची केला होता तो. या खोऱ्यात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. लोक लांबून बोलवायचे."

उरुमकानने मळलेली कणीक पुन्हा मळायला घेतली.

"आपा, मग एवढी वर्षं एसेन त्या वंशाची शिंगरं विकतोय, तुम्ही बोलला नाहीत?"

"विकतोय तर विकू दे. घेणाऱ्याला डोळे नाहीत का?" सासूने पुन्हा दांडा हातात घेतला. "पण तुझ्या पुस्तकात 'त्याचा घोडा, त्याचा घोडा' असं किती वेळा आलंय ते एसेनने मला वाचून दाखवलं. ते आधी नीट कर. मग मी तुझ्या बाजूने."

दुपारी वेशीवर सगळा गाव लोटला. पुतळ्यावर क्लबातल्या रंगमंचाचा लाल मखमली पडदा टाकला होता. उरुमकान खोटं बोलली नव्हती. तालुक्याच्या साहेबांनी भाषण केलं, त्यात घोड्यापेक्षा रस्त्याचं डांबरीकरण जास्त होतं. सागिनालींनी दोरी ओढली. पडदा कानांवर अडकला, मग दोघांनी काठीने तो सोडवला, आणि काळ्या रंगाचा, मान उंचावलेला, पुढचा एक पाय उचललेला सिमेंटचा घोडा लोकांसमोर आला. क्षणभर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. शिल्पकार मेदेत, नार्यनचा सडपातळ माणूस, छाती पुढे काढून उभा होता.

तेंतिमिशला खुर्चीत बसवलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून आता त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. लोक टाळ्या वाजवायला लागले तसा तो काठी टेकत उठला.

"मला बघू दे," तो म्हणाला.

"अता, उन्हात कशाला," सागिनाली म्हणाले, पण म्हातारा निघाला होता. एसेनने त्याचा हात धरला आणि चौथऱ्याच्या पायरीवर चढवलं. तेंतिमिशने काठी एसेनकडे दिली आणि दोन्ही हात घोड्याच्या तोंडावर ठेवले. नाकपुड्या चाचपल्या. "बरंय," म्हणाला. कपाळ, कान. "कान मोठे झालेत." मान, छाती, उचललेला पाय. गुडघ्यावर तो जरा रेंगाळला. "हं." मग पाठीवरून हात फिरवत तो मागे सरकला, आणि हात बरगड्यांवरून पोटाखाली गेला.

सगळा गाव त्या हाताकडे बघत होता. तालुक्याचे साहेब आकाशाकडे बघायला लागले. ओराझबेक पहिल्या रांगेत होता. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

हात थांबला. तेंतिमिशने खात्री करून घेतली. मग हात काढून कोटाला पुसला.

"हा माझा घोडा नाही," तो म्हणाला.

माइक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

"अता, तुमचाच आहे," एसेन दबक्या आवाजात म्हणाला.

"माझ्या घोड्याला हे नव्हतं."

लोकांत खसखस पिकली. सागिनाली लगबगीने पुढे आले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "मंडळी, अतांना उन्हाचा त्रास होतोय. वय झालंय. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट, कुणाला आठवते? कधी घोडा विसरतात, कधी आमची नावंसुद्धा विसरतात. चला, जेवणाची ताटं..."

काही लोक कीव आल्यासारखे हसले. म्हातारा चौथऱ्यावर तसाच उभा राहिला, एक हात सिमेंटच्या मांडीवर. मघा त्याच्या चेहऱ्यावर जी धार होती ती गेली. डोळे उजेड शोधत इकडेतिकडे फिरले.

"बुरूल कुठाय?" तो म्हणाला. "तू पुस्तक लिहितेस ना, पोरी? माझं डोकं फिरलंय का?"

बुरूल बायकांच्या रांगेत, हातात चहाची किटली घेऊन उभी होती. समोर एसेन होता. त्याने नाही म्हणून मान हलवली नाही, फक्त तिच्याकडे बघत राहिला, आणि ते जास्त वाईट होतं. सकाळीच तिने शब्द दिला होता. पण तिथे वर उभा असलेला माणूस आयुष्यात कधी घोड्याबद्दल चुकला नव्हता, आणि आज दोन शब्द काय बोलला, तर पोटच्या पोराने त्याला वेडा ठरवला होता. ती गप्प राहिली तर हेही गावाच्या आठवणीत पक्कं होणार होतं.

तिने किटली उरुमकानच्या हातात दिली.

"नाही, अता. तुम्हाला बरोबर आठवतंय," ती म्हणाली. आवाज शाळेतल्यासारखा आला, मोठा. "माझ्या मुलांचे आजोबा त्या... त्या मोठ्या फेरफटक्याला निघाले, तेव्हा घोडा खच्ची केलेला होता. माझ्याकडे फोटो आहे."

"फेरफटका," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हशा उठला. पण तो आता म्हाताऱ्यावर नव्हता.

तेंतिमिशची पाठ सरळ झाली. त्याने माइकच्या दिशेने तोंड केलं. "पैदाशीच्या घोड्यावर बसून मी कझाकांच्या माळावरून जाणार? वाटेत जागोजागी घोड्यांचे कळप. पहिल्याच कळपाशी तो थांबला असता आणि मी वर बसून राहिलो असतो. समुद्र मला कोणी दाखवला असता? त्याच्या पोरांनी? एवढी साधी अक्कल नसलेला माणूस समजता मला? माझा घोडा..."

"तुझा नव्हताच," बायकांच्या रांगेतून झूराकान म्हणाली.

गाव वळून बघायला लागला.

"माझ्या बापाचा होता. त्याने मला दिला. आणि तू तो पिठाने माखवून घेऊन गेलास, म्हाताऱ्या."

तालुक्याच्या साहेबांनी सागिनालींना हळूच विचारलं की जेवण कुठे आहे.

फोटो आता ओराझबेकच्या हातात होता. त्याने तो बराच वेळ पाहिला, सोबत आलेल्या दोन कझाकांना दाखवला, आणि तिघांनी मिळून मागच्या पायांबद्दल काही चर्चा केली. मग तो एसेनजवळ आला. एसेन चौथऱ्याच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्या हातात अजून बापाची काठी होती.

"काय मांड्या आहेत," ओराझबेक म्हणाला. "तुझा काळा मग कोणाचा?"

एसेनने खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. "नार्यनच्या बाजारातल्या एका घोडीचा."

"आणि बाप?"

"ते घोडीलाच विचारावं लागेल."

ओराझबेक हसला नाही. "आण इकडे," म्हणाला. घोडा आणला तसा तो चढला आणि नदीकडच्या कुरणात गेला. बराच वेळ गेला. एसेन उठून येरझाऱ्या घालायला लागला. बुरूल लांबच उभी राहिली. तिला जवळ जायचा धीर झाला नाही. ओराझबेक परत आला तेव्हा घोड्याच्या मानेवर घामाचा फेस होता आणि ओराझबेकचा कल्पाक कुठेतरी पडला होता.

"आजोबाचे पैसे देणार नाही," तो उतरत म्हणाला. "याचे देतो. एरवी इतर घोड्यांचा देतो तोच भाव. आणि पुढच्या वर्षी शिंगरू दाखवशील, तेव्हा त्याच्या आईबद्दलच सांग. आई तरी तुला माहीत असते."

एसेनने होकार दिला. बुरूलजवळून जाताना तो थांबला, पण तिच्याकडे बघितलं नाही. "आज मी जेवणार नाही," म्हणाला. मग चार पावलं जाऊन वळला. "माझ्या वाटणीचं झाकून ठेव."

जेवणात मानाच्या तुकड्यांवरून उरुमकानची पंचाईत झाली. मेंढीचं डोकं म्हाताऱ्यासमोर ठेवलं, ते ठीक. पण धाकट्या सुनेसमोर काय ठेवायचं? सकाळी तिने बुरूलसाठी बरगडीचा लहानसा तुकडा काढून ठेवला होता. आता तो तिने गुपचूप बदलला आणि मांडीचा चांगला तुकडा वाढत म्हणाली, "मी कालच म्हणाले होते ना, खरं ते लिही."

दुपार कलली तशी एक नवीच गडबड सुरू झाली. म्हातारा म्हणत होता की तो पुतळा आजच्या आज नीट करा. शिल्पकार मेदेत म्हणत होता की ती कलाकृती आहे आणि कलाकृतीला छिन्नी लागत नाही.

"माझ्या सासऱ्याने जिवंत घोड्याला लावली," तेंतिमिश म्हणाला. "तुझा तर उभाही व्यवस्थित आहे, लाथ मारणार नाही."

"लोक काय म्हणतील?" सागिनाली म्हणाले.

"आज जे म्हणाले त्यापेक्षा काय वेगळं म्हणणार आहेत?"

बापाला चारचौघांत वेडा म्हटल्याचं सागिनालींना एवढ्यात कुठेतरी लागायला लागलं होतं. त्यांनी मेदेतला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं, आणि स्वतःच जाऊन लाल पडदा पुन्हा घोड्यावर टाकला. पडद्याआडून टकटक ऐकू यायला लागली. गावातली माणसं येताजाता टोप्या काढत होती. ती गंमत म्हणून की सहानुभूती म्हणून, हे कुणाला सांगता आलं नसतं.

बुरूल चहा घेऊन आली तेव्हा सासूसासरे तंबूच्या सावलीत, एकाच सतरंजीवर पण एकमेकांकडे अर्धी पाठ करून बसले होते.

"सूनबाई, बस," झूराकान म्हणाली. "लिहून घे. घोड्याला नाव नव्हतं. आम्ही त्याला 'काळ्या' म्हणायचो. डावा मागचा पाय जरा जपून टेकायचा."

"उजवा," तेंतिमिश म्हणाला.

"डावा. मी त्याला वाढवला."

"मी त्याच्या पाठीवर बसून अर्धी दुनिया बघितली. उजवा. व्होल्गाच्या अलीकडे नाल निघाला होता तोही उजवा. नालबंदाने रात्रीतून नवीन घडवला. त्याची मुलगी तेव्हा एवढीशी होती, घोड्याला साखर चारत होती. साखर खाऊन त्याचं पोट बिघडलं आणि आम्ही तिथे अडकलो."

बुरूलने चहा सांडला. दोन वर्षं ती "पडला", "भेटली", "लांब" एवढ्यावर समाधान मानत होती. तिने झग्याला हात पुसले आणि पेन काढलं.

"साखरेने घोड्याचं पोट बिघडत नाही," झूराकान म्हणाली. "तू ओला चारा घातला असशील."

"कोरडा घातला. कझाकांच्या माळावरून बांधून आणलेला. तुला काय माहीत तिथलं गवत..." आणि त्याने त्या गवताबद्दल सांगायला सुरुवात केली. त्याचा वास, त्यात राहणारे लांडगे, रात्री घोडा त्याच्या अंगाला अंग लावून कसा उभा राहायचा, आणि एका म्हाताऱ्या कझाकिणीने घोड्याच्या आयाळीत गाठ मारून दिली, वाट चुकू नये म्हणून. झूराकान मधूनमधून म्हणायची, "खोटं," आणि तो दुप्पट सांगायचा.

बुरूल भरभर लिहीत होती. तिच्या लक्षात आलं, या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नव्हता. घोड्यासारखंच होतं ते. लगाम ओढला की थांबायचा. चुकीच्या वाटेला लावला तर मात्र स्वतःहून मान वळवायचा.

बोलता बोलता तो व्होल्गा ओलांडून गेला, गव्हाच्या शेतांतून गेला, आणि मग थांबला. यापुढचं त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. पुतळ्याकडून शेवटचे दोन टोले ऐकू आले.

बुरूलने पेन टेकवलं आणि वहीतून डोकं न उचलता, सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "आणि समुद्र बघून काळ्या अगदी खूश झाला असेल."

तेंतिमिशने कप खाली ठेवला.

"खूश?" तो म्हणाला. "कोणी सांगितलं तुला? सरक इकडे. नीट लिहून घे."